इंग्रजी, पण ‘गेट’ न वापरता

काल सकाळी हूफडॉर्प नावाच्या डच गावात एका बाईला नोकरी लागल्याचा केक कापला गेला. मी तिथेच होते... थर्मासमधून कॉफी ओतत.

मुलाच्या घराजवळ एक कम्युनिटी सेंटर आहे. दर बुधवारी तिथे परदेशी मंडळी इंग्रजी सुधारायला जमतात आणि आमच्यासारखे व्हॉलंटियर शिकवतात. जन्मभर नाशिकला इंग्रजी शिकवलं, आता इथे येऊन नुसता डिशवॉशर भरत बसू का? म्हणून मी जायला लागले.

माझ्या टेबलावर दानुता यायची. पोलंडची, पन्नाशीची, विमानतळाजवळच्या एका हॉटेलात खोल्या आवरणारी. गुडघे गेलेत, आणखी एक हिवाळा बेडशीटं ओढत निघणार नाही, हे तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. त्याच हॉटेलच्या रिसेप्शनवर जागा होणार होती आणि इंटरव्ह्यू इंग्रजीत होता.

ती अडायची ‘गेट’पाशी. दाराचं गेट नव्हे, इंग्रजीतलं ते कुठेही घुसणारं क्रियापद... उठायला गेट, बसमध्ये चढायला गेट, उतरायला गेट, पावसात भिजलात तरी गेट आणि पत्र मिळालं तरी गेटच. पोलिश अर्थ शोधायला गेलो तर मोबाइलवरची यादी संपेना. शेवटी दानुताने मोबाइल उपडा ठेवला. “मॅडम, धिस इज नॉट अ वर्ड. धिस इज अ सूटकेस.”

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर निबंधातला प्रत्येक ‘गेट’ लाल शाईने खोडायच्या. आळशी माणसांचा शब्द, म्हणायच्या. मी दानुतालाही तोच नियम लावला... इंग्रजी बोलायचं, पण ‘गेट’ न वापरता.

उठणं म्हणजे राइज, चढणं बोर्ड, उतरणं अलाइट, मिळणं रिसीव्ह, कामाला लागणं कमेन्स. आणि काय सांगू, प्रत्येकासमोर तिचा एकेक पोलिश शब्द नीट बसला. व्स्ताच, विशोंश्च, दोस्ताच... उच्चार चुकले असतील तर पोलिश मंडळींनी माफ करावं. प्रत्येक कामाला वेगळा शब्द, अगदी आपल्यासारखाच! त्या दिवशी आम्ही दोघी शाळकरी मुलींसारख्या हसलो.

मग दानुता बोलायला लागली. “आय राइज अर्ली. आय बोर्ड द बस.” थोडी राणीच्या दरबारातली वाटायची, मान्य आहे... पण अडत नव्हती.

आणि मग आला ऑलिव्हर. इंग्लंडचा, सेल्समधून निवृत्त झालेला, कडाक्याच्या थंडीतही अर्धी चड्डी घालून फिरणारा. शिकवण्याचा अनुभव शून्य. इंग्लंडात जन्माला येणं हेच त्याचं क्वालिफिकेशन.

दानुताचं ‘अलाइट’ ऐकून तो खो खो हसला. “माझ्या आजीनंतर कुणी अलाइट झालेलं नाही!” मग माझ्याकडे वळून कौतुकाने विचारलं, तुमचं इंग्रजी इतकं चांगलं कसं? मी म्हटलं, “शाळेत शिकले. तुम्ही कुठे शिकलात?” बोचलंच नाही त्याला.

पुढच्या बुधवारी तिथली कोऑर्डिनेटर मरायका मला बाजूला घेऊन गेली. माझ्या मुलीच्या वयाची असेल, पण इथे सगळेच पहिल्या नावाने हाक मारतात. “सुनंदा, आता आपल्याकडे नेटिव्ह स्पीकर आहे आणि दानुताचा इंटरव्ह्यू जवळ आलाय. तू कॉफीचं बघशील का? तू इतकी उबदार आहेस!”

उबदार! मी काय हीटर आहे?

दानुताने एकदा माझ्याकडे पाहिलं, बॅग उचलली आणि ऑलिव्हरच्या टेबलावर जाऊन बसली. मला तिचा भयंकर राग आला. पण दुखणारे गुडघे तिचे होते, माझे नव्हते.

घरी सांगितलं तर मुलगा म्हणाला, “आई, सोड ना, फुकटचं तर काम.” नात लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाली, “बट आजी, नोबडी सेज अलाइट.” मला जेवण गेलं नाही. पगाराचं काम एक दिवस जाणार हे ठाऊकच असतं... फुकटचंही कुणी काढून घेईल असं वाटलं नव्हतं.

तरी मी कॉफी ओतायला जात राहिले. दानुताचं काय होतं ते मला कळायला हवं होतं.

काल ती सफरचंदाचा केक घेऊन आली. दारातूनच ओरडली, “आय गॉट द जॉब!” टाळ्या वाजल्या. तिने ऑलिव्हरला मिठी मारली. मरायका सगळ्यांना सांगत होती, बघा, नेटिव्ह स्पीकरने किती फरक पडतो! मी कप मांडत होते.

गर्दी पांगल्यावर दानुता कप घेऊन माझ्यापाशी आली. एकदा मागे वळून पाहिलं, आवाज खाली केला आणि म्हणाली, “आय कमेन्स ऑन मंडे, मॅडम.”

मी तिचा कप काठोकाठ भरला.

संध्याकाळी ग्रुपवर फोटो आला. मध्ये दानुता, शेजारी ऑलिव्हर, मागे मरायका. उजव्या कोपऱ्यात थर्मास आणि तो धरलेला एक हात... बांगड्यांवरून मी ओळखला.

मरायकाला मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. पण सोमवारी दानुता बेडशीटं ओढत नसेल, याचा मला मनापासून आनंद आहे. आणि दानुता, त्या एका वाक्याबद्दल तुझे आभार...

जरा मोठ्याने म्हटलं असतंस तरी चाललं असतं.