घंटी वाजवून पाहणारे रफीकभाई

सर्व्हरच्या फायरवॉलला, म्हणजे कोणता कॉल आत घ्यायचा ते ठरवणाऱ्या पहाऱ्याला, हात लावला, की रफीकभाई खिशातला जुना मोबाईल काढून आमच्याच हेल्पलाइनला फोन लावत. टेबलावरचा फोन वाजला की मगच खुर्चीवरून उठत. मी हसायचो. ते म्हणत, "रूल लिवला म्हनजे काम झालं नाही, बाप्पा. घंटी वाजली म्हनजे झालं."

अकोल्यातली ती हेल्पलाइन शेतकरी कुटुंबांसाठी होती. त्या वर्षांत गावोगावी माणसं जीव देत होती. कुणाला बोलावंसं वाटलं, तर ऐकायला आम्ही चौघं बसायचो. कॉल एका लिनक्स मशीनवरून यायचे आणि ते मशीन परतवाड्याचे रफीकभाई सांभाळायचे. त्यांचा आवाज कधी चढत नसे. चहात साखर मात्र दोनदा मागत.

एकदा ते घरच्या लग्नाला गेले. मला अक्कल पाजळायची हौस. त्यांची फायरवॉलडी नावाची फायरवॉल मला उमजत नव्हती, म्हणून मी माझ्या ओळखीची दुसरी, यूएफडब्ल्यू, चालू केली. त्यांची बंद करायचं राहिलं. दोघींपैकी एकीनं नकार दिला तरी कॉल अडतो, आणि माझ्या परवानगीच्या यादीत कॉलचा पोर्ट, म्हणजे कॉल आत यायचं दार, नव्हताच. फोन लावून पाहिला नाही. दिवसभर शांतता. आम्हाला बरंच वाटलं. कुणीतरी भजी मागवली.

दुसऱ्या सकाळी रफीकभाई आले, लॉग वाचला. "मायावालीनं आत घेतले, तुयावालीनं दारातून वापस लावले," एवढंच म्हणाले आणि माझी फायरवॉल बंद केली. रागावले असते तर बरं झालं असतं. नांदगाव खंडेश्वरचे एक गृहस्थ दर आठवड्याला आमच्याशी बोलायचे. अडलेल्या कॉलांत त्यांचा नंबर नऊ वेळा होता.

"लाव त्यायले," रफीकभाई म्हणाले.

फोन त्यांच्या पत्नीनं उचलला. "काल गेले ते," त्या म्हणाल्या. "तुमालेच फोन लावून रायले होते. मंग उठून वावरात गेले."

रफीकभाईंनी माझ्या हातातून रिसीव्हर काढून घेतला. "बाई, फोन आमच्या चुकीनं बंद होता. आमी येऊन रायलो."

आम्ही दोघं बसनं गेलो. त्या घरी, नंतर ऑफिसात, चौकशीच्या कागदावरसुद्धा त्यांनी 'आमची चूक' एवढंच म्हटलं. कुणाची, ते सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही.

पुढे रफीकभाई वारले तेव्हा परतवाड्याच्या कबरस्तानात मी कोरडाच उभा होतो. त्यांच्या मुलानं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "अब्बाच्या हातून काय झालं होतं हो तेव्हा?"