अर्ध्यावर सोडलेला धवला

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. तुम्हाला सांगतोय म्हणून तुम्ही कोणी मोठे लागून गेलात असं समजू नका. तुम्ही मला ओळखत नाही, एवढीच तुमची लायकी. आणि मध्येच ‘वय लहान होतं हो’ म्हणून गालावरून हात फिरवू नका. सतरा वर्षांचा घोडा लहान असतो का?

धर्मा आणि मी एका गावचे. जासईच्या बाजूला, मिठागरांच्या कडेला आमचं आगऱ्यांचं गाव. तिथे शाळा सातवीपर्यंतच, म्हणून आम्ही दोघे पनवेलला. मोहल्ल्यात एका कोकणी मुसलमान दुकानदाराच्या घरामागची खोली भाड्याने घेतली होती. एका चुलीवर भात, एका कंदिलात अभ्यास. तांदूळ आणि सुके बोंबील धर्माची आई दोघांनाही सारखेच बांधून द्यायची. माझ्या आईच्या पदरात सात पोरं, तिला कुठून सुचणार? म्हणजे शाळा संपेपर्यंत मी त्या बाईचंच खाल्लं. खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात — आम्ही तर मीठ पिकवणारे.

धर्माची आई धवलारीण होती. तुम्हाला ठाऊक नसेल. आमच्यात लग्न नुसत्या भटाच्या मंत्रांनी लागत नाही, धवलारणीच्या गाण्यांनी लागतं. मांडवात बसून ती एकेका देवाला नाव घेऊन बोलावते. ते गाणं म्हणजे धवला. तो एकदा सुरू केला की अर्ध्यावर सोडायचा नाही. बोलावलेले देव ताटकळले तर नवरानवरीचं वाईट होतं, हे आमच्यात लहान पोरही जाणतं. माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न तिनेच लावलं होतं.

आणि पनवेलची पोरं — वकिलांची, डॉक्टरांची, पेढीवाल्यांची. आठवीत मी एकदा वर्गात ‘नाय’ म्हणालो, तर वर्षभर मला ‘नाय’ याच नावाने हाका. मग मी जीभ घासूनपुसून घेतली. अकरावीला येईपर्यंत नवे मास्तर मला पनवेलचाच समजत. धर्मा मात्र होता तसाच. उभा राहून खुशाल ‘हाय’ म्हणायचा, हसणाऱ्यांना हसू द्यायचा आणि गणितात पहिला यायचा. मला त्याचा अभिमान वाटायला हवा होता, नाही का? मला त्याचा तिटकारा यायला लागला होता. होय, तिटकाराच. मी खरा कोण हे त्याला पक्कं माहीत होतं. भर बाजारात तो ‘आरं ये’ म्हणून हाक मारायचा आणि माझी सगळी मेहनत मातीत जायची.

मॅट्रिकच्या परीक्षेआधी निरोपाचा समारंभ होता. मुलांनी नकला बसवायच्या होत्या. इतकी वर्षं मी मनाशी घोकलं, की पोरांनी मला भरीस घातलं. खोटं आहे ते. मीच म्हणालो — आगऱ्यांच्या लग्नातली बाई करू, मला येते. तुला कशी येते, त्यांनी विचारलं. आमच्या बाजूला ती माणसं आहेत, ऐकून ऐकून येते, मी म्हणालो. ‘ती माणसं’! धर्माला कळू नये म्हणून तालमी तळ्याच्या काठी केल्या.

गणिताचं बक्षीस धर्माला मिळणार होतं. ते बघायला त्याची आई पहाटे निघून आली होती. ती आलीय हे मला माहीत होतं का? होतं की. तिने आणलेल्या तांदळाच्या भाकऱ्या मी सकाळी खोलीवर बसून खाल्ल्या होत्या. अजूनही सांगता आलं असतं — पोट दुखतंय, येत नाही. पण हॉल भरला होता आणि पहिल्यांदाच सगळी पोरं माझी वाट बघत होती.

लुगडं गुडघ्यावर खोचून मी गायलो. तिचाच गळा, तिचेच मिटलेले डोळे, हात हलवायची तिचीच लकब. हॉल लोटपोट झाला. मला मजा आली — हेही ऐकून ठेवा. मध्येच लुगड्यात पाय अडकून पडायचं ठरलं होतं. पडलो. धवला तुटला.

शेवटच्या रांगेत ती उभी राहिली. चिडली नव्हती, घाबरली होती. मी सोडला तिथून तिने धवला उचलला आणि उभ्याउभ्या पुढे म्हणू लागली. लोकांना वाटलं, हाही नकलेतलाच भाग. शिट्ट्या, टाळ्या, हशा. धर्मा हात धरून ओढत होता, ती हलेना. शेवटच्या देवापर्यंत गेली, पदर घेऊन नमस्कार केला, मगच थांबली.

हेडमास्तर त्याच वर्षी आलेले. मला तसंच लुगड्यात दाराशी, त्या दोघांसमोर नेऊन त्यांनी विचारलं, “ही बाई तुझ्या ओळखीची आहे?”

“नाही सर. मी ओळखत नाही.”

धर्माने तोंड उघडलं. तिने त्याचा दंड धरला.

“नाय सायब,” ती म्हणाली, “मी पन नाय वलखत याला. परक्याचा पोर हाय.”

दोघं निघून गेली. बक्षिसासाठी धर्माचं नाव पुकारलं तेव्हा कोणी उठलं नाही. मी खोलीवर पोचलो तोवर त्याची वळकटी गेली होती. परीक्षेत तो माझ्या पुढे बसायचा. एकदाही वळला नाही, नंतर कधी बोलला नाही.

परीक्षा संपवून मी गावी गेलो. सगळं गावभर झालं असणार, शिव्या खायच्या तयारीनेच गेलो. आई ओट्यावर बसली होती, खूश. धर्माची आई येऊन गेली होती म्हणे. “ती बोलली, तुजा पोरगा शालेन धवला गायला, बेस गायला.” आई चार घरी सांगूनही आली होती.

आता मला लाज वाटली असेल, असं तुम्हाला वाटतंय ना? मला त्या बाईचा राग आला. तिने चार लोकांत माझ्या थोबाडीत मारली असती तर फिटलं असतं. ती वारली तेव्हा मी पनवेललाच होतो. निरोप वेळेत मिळाला होता, बसही होती. मी गेलो नाही. राग अजून आहे.