गंज या शब्दाची जागा

बाबा शुक्रवारी सकाळी दहाला गेले. ते बोरी अरबला होते, मी यवतमाळला.

तेरवी आटोपल्यावर मी लॅपटॉप उघडला. कामावर रुजू व्हायला दोन दिवस होते आणि एक चूक दुरुस्त करायची राहिली होती. सगळा उन्हाळा मी ते काम पुढे ढकलत आले होते.

चूक आमच्या घरच्या शब्दकोशातली. शाळेतून निवृत्त झाल्यावर बाबांना वऱ्हाडी शब्द जमवायचे होते. हात थरथरायचा, वहीत लिहवत नसे, म्हणून मी त्यांना वेबसाइट करून दिली. ते मोबाइलवरून शब्द टाकत. पुसदची आत्या, त्यांची धाकटी बहीण, तीही टाकू लागली.

प्रोग्रामच्या लेखी शब्द म्हणजे ‘की’, किल्ली, आणि अर्थ म्हणजे ‘व्हॅल्यू’, त्या किल्लीखाली ठेवलेला ऐवज. दोघांनी एकदम लिहिलं तर सर्व्हरवर दोन थ्रेड, म्हणजे कामाचे दोन धागे, एकाच वेळी चालतात आणि साध्या संग्रहात गोंधळ होतो. म्हणून मी थ्रेड-सेफ संग्रह वापरला होता. एकाचं लिहून होईपर्यंत तो दुसऱ्याला थांबवतो. तेवढ्यावर मी निर्धास्त राहिले.

या दोघांनी मात्र कोशाची शर्यत करून टाकली. दुपारी फोन लावायचा, एक अक्षर ठरवायचं, शब्द लिहून तयार ठेवायचा आणि ‘एक, दोन, तीन’ म्हणून एकदम बटण दाबायचं. ज्याचा शब्द वर दिसेल तो जिंकला. एका दुपारी ‘ग’ निघाला. दोघांनीही ‘गंज’ लिहिला. बाबांचा गंज म्हणजे आमच्याकडे भाजी-वरण शिजवायचं खोल भांडं. आत्याचा लोखंडावरचा.

वर आत्याचा दिसला. बाबांचा कुठेच नव्हता.

त्यांनी मलाही फोनवर घेतलं. “काहून वं, माहा गंज कुठी गेला?”

मी काही बोलायच्या आत आत्या म्हणाली, “दादा, तुह्या गंजाले गंज चढला!”

बाबा खोकला येईपर्यंत हसले.

चूक माझी होती. शब्द आधीच असला तर नवा अर्थ त्याखाली जोडायचा, असं मी लिहिलं होतं, पण दोन पायऱ्यांत. आधी विचारायचं, हा शब्द आहे का? मग ठेवायचं. दोन्ही पायऱ्या आपापल्या जागी सुरक्षित होत्या. मधली फट सुरक्षित नव्हती. दोघांनाही ‘नाही’ असं उत्तर मिळालं, दोघांनीही नवा म्हणून ठेवला, आणि मागून आलेला पहिल्याच्या जागी बसला. विचारणं आणि ठेवणं एकाच क्रियेत व्हायला हवं. संग्रहात तशी सोय असते. मी ती वापरली नव्हती.

“परत टाका ना बाबा,” मी म्हटलं.

“तू पह्यले नीट कर. पुन्हा गेला तं? लय जमून आलं होतं वाक्य. तुह्या आईवर हाय.”

“मग सांगा, मी टाकते.”

“फोनवर नाही सांगत. तिथंच वाचजो.”

आईला जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. मी म्हटलं, रविवारी करते. ते म्हणाले, घाई नाही. त्यानंतर कितीतरी रविवार आले. ऑफिसचं काम होतं, थकवा होता, आणि खरं सांगायचं तर चूक इतकी छोटी होती की ती कधीही दुरुस्त करता येईल असं वाटायचं.

दुरुस्तीला वीस मिनिटं लागली. मग दोन ब्राउझर उघडून मी एकच शब्द एकदम टाकून पाहिला. पाच वेळा. पाचही वेळा दोन्ही अर्थ राहिले. चाचणीचे शब्द पुसले आणि आत्याला फोन केला. ते वाक्य बाबांनी तिला तरी सांगितलं होतं का, विचारलं.

“नाही वं,” ती म्हणाली. “मी तं हासूनच राह्यलती.”

भांड्याचा अर्थ मला लिहिता येतो. मी लिहिलेला नाही. ‘गंज’ या शब्दाखाली आता दोन अर्थ राहू शकतात. एक आहे.