स्टोव्हवाल्याची पायरी

त्या अष्टमीला मी देवीशी कडाकडा भांडले. भर चौकात, रिक्षातून उतरता उतरता. तुझ्याच ओटीचं सामान आणायला आलेला माणूस तूच हरवलास ना, म्हटलं, मग आता तूच शोधून दे. एरवी मी तिच्यापुढे बसले की डोळे मिटून हात जोडणारी बाई. पण त्या सकाळी हात जोडायला हातच रिकामे नव्हते. एका हातात पर्स, दुसऱ्या हातात फोन, आणि फोनवर तीच एक बाई पुन्हा पुन्हा सांगत होती की आपण डायल केलेला नंबर बंद आहे.

आमच्याकडे नवरात्रात उठता-बसता उपवास असतो, म्हणजे घट बसतात तो पहिला दिवस आणि उठायच्या आधीची अष्टमी. सासूबाईंनी नागपूरहून भोपाळला येताना देवीच्या टाकाबरोबर हेही व्रत आणलं. ह्यांना मधुमेह झाल्यावर डॉक्टरांनी उपवासाला साफ नाही म्हटलंय, पण ऐकतील तर शपथ! वर हट्ट असा की खण आणि बताशे जुन्या शहरातल्या चौकातलेच हवेत. कोलार रोडला आमच्या घराखाली सगळं मिळतं, पण ते ह्यांच्या मते देवीला चालत नाही. सकाळी पिशवी घेऊन निघाले. मी पुरणाच्या गडबडीत होते. साबुदाणा खाऊन जा, एवढं ओरडून सांगितलं, त्यावर "आल्यावर बघू" म्हणाले.

मग फोन आला. आवाज जड, जीभ अडखळत होती. "अगं, मी स्टोव्हवाल्यापाशी बसलोय. घाम फुटलाय. पाय उचलत नाहीत." मी काही विचारणार तोच फोन बंद पडला. धावत जाऊन औषधांचा डबा उघडला तर साखरेच्या गोळीचं सकाळचं घर रिकामं. खाणं सोडलं, पण गोळी घेतली! कपाळ माझं! गेल्या वर्षी अशीच साखर एकदम उतरली होती तेव्हा मी शेजारी होते, साखरेचं पाणी पाजलं म्हणून निभावलं. आता त्या गर्दीत ह्यांची शुद्ध हरपली, तर लोक म्हणतील, म्हातारा थकून झोपलाय.

आणि स्टोव्ह दुरुस्त करणारा तो स्टोव्हवाला आता होता कुठे? आम्हा जुन्या लोकांची ही एक खोडच आहे. दुकानं उठून वर्षं लोटली तरी आम्ही पत्ते त्यांच्याच नावानं सांगतो. बटवेवाल्याच्या समोर, अत्तरवाल्याच्या वळणावर, रेडिओवाल्याच्या पुढे. घरात ते चालून जातं, कारण आम्हा दोघांना ती दुकानं अजून दिसतात. पण त्या दिवशी मला काही म्हणजे काही दिसेना. लग्न होऊन आले तेव्हा रॉकेलचा वास आला की कळायचं, आता स्टोव्हवाला आला, इथून आत वळायचं. आता सगळीकडे तीच काच, तेच दिवे, लेगिंग्ज आणि मोबाइलची कव्हरं. बटवेवाल्याचा उंबरठा कुठला आणि अत्तरवाल्याची भिंत कुठली, काही केल्या जुळेना. एका दुकानात विचारलं तर तो मुलगा हसून म्हणाला, "स्टोव? आंटी, अब तो सब गैस पे आ गए." पुढे गेले, मागे आले, एकाच बोळापाशी पुन्हा पुन्हा येऊन उभी राहिले. ह्यांचा चेहरा डोळ्यांपुढे येत होता, पांढराफटक.

शेवटी भांडायचंही त्राण उरलं नाही. बांगड्यांच्या एका हातगाडीला धरून उभी राहिले आणि तोंडातून मोठ्यानं निघून गेलं, "आई गं, माझ्यानं नाही होत आता. स्टोव्हवाला कुठे आहे गं, तूच सांग!"

बोळातून बुरखा घातलेली एक बाई घाईघाईनं बाहेर येत होती. ती थबकली. "स्टोव वाले? आप चश्मे वाले साहब को ढूँढ रही हैं? आइए, जल्दी आइए. मैं उन्हीं के घरवालों को देखने निकली थी."

स्टोव्हवाले तिचे सासरे. ते जाऊन बरीच वर्षं झाली, पुढचं दुकान भाड्यानं दिलेलं, पण बाजूच्या बोळात जिन्याची ती उंच दगडी पायरी तशीच होती. पायरीवर हे बसले होते. शर्ट घामानं चिंब, पण डोळे उघडे. शेजारी तिची म्हातारी सासू ह्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती, आणि हे तिला विचारत होते, "स्टोव बन गया क्या?" मी तिथेच मटकन खाली बसले आणि रडले. रडता रडता ह्यांना चांगलं फैलावरही घेतलं.

मग सुनेनं सांगितलं. तिच्या सासूलाही साखरेचा त्रास, त्यामुळे घाम बघून तिनं लगेच ओळखलं. सरबत आणलं, पण हे तोंडच उघडेनात. अर्धवट शुद्धीतही एकच धोशा, उपवास है. तेव्हा म्हातारीनं ह्यांचीच पिशवी चाचपली, बताश्यांचं पाकीट फोडलं आणि म्हणाली, "भैया, ये तुम्हारी माताजी के यहाँ से आया है. इसे मना नहीं करते." ह्यांनी निमूटपणे तोंड उघडलं. एक, मग दुसरा, मग सरबतसुद्धा.

मी ह्याला चमत्कार म्हणत नाही. दुकानं जातात, माणसं जातात, आणि आपण मोठ्या तोऱ्यात म्हणतो की मला इथला कोपरा न् कोपरा माहीत आहे. त्या दिवशी मला काही माहीत नव्हतं. मी हात टेकले तेव्हा कुणीतरी धरला, एवढंच मला ठाऊक आहे, आणि त्या दोघींचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

दवाखान्यात दाखवून घरी आलो. संध्याकाळी देवीची ओटी भरली आणि पुरणाशेजारी ते फोडलेलं पाकीट ठेवलं. देवाचं काही आधी उघडलं तर मी घर डोक्यावर घेते, हे ह्यांना पक्कं ठाऊक. पलंगावरून हळूच म्हणाले, "अगं, ते उष्टं झालंय ना?"

"उष्टं कसलं?" मी म्हटलं. "तिनं आज प्रसाद आधीच वाटला. नैवेद्य दाखवायला आपल्यालाच उशीर झाला."