हळदीतला बर्फ

आमच्या सगुणाचा विषय निघाला की माझी नातवंडं उशीला टेकून बसतात, म्हातारा आता आवरत नाही म्हणून. म्हणोत बापडी! सगुणा माझी भाची. तिची आई चंद्रभागा ठाण्याच्या बाजारात खाडीची मासळी विकायची, आणि पोरगी सरकारी प्रयोगशाळेत जंतू तपासायची.

सत्त्याण्णवच्या मे महिन्यात आमच्या थोरल्या भावाच्या, गुणाजीच्या घरी पोराची हळद झाली आणि कोळीवाड्यात कॉलरा पसरला. सगुणाला रुग्णांत कॉलऱ्याचे जंतू सापडले. चंद्रभागेच्या पाटीतल्या मासळीवरही सापडले. झालं! तिच्या साहेबांनी मासळीबाजार बंद केला.

"तुला शिकवली ती माजीच पाटी पालथी करायला?" चंद्रभागा लेकीवर कडाडली.

"अगं आये, एका आडनावाचे सगळे चोर असतात का? खाडीत या जातीचे गरीब जंतूही असतात."

"मग विचार की त्यांना!"

"तेच विचारायला पुण्याला पाठवलेत."

पुण्याच्या यंत्रावर जंतूच्या जनुकांची अक्षरं वाचता येत. उत्तर येईपर्यंत सगुणा घरोघर फिरली. आजारी पडलेले सगळे हळदीच्या मांडवातलं सरबत प्यायलेले. नुसती दारू ढोसलेले मात्र ठणठणीत!

सरबतात बर्फ कुठला? गुणाजीने होडीतला टाकलेला, कच्च्या पाण्याचा, मासळी दाबायचा. उरलेली लादी भुशात पुरून अजून टिकून होती. सगुणाने तिचा तुकडा उचलला, तसा गुणाजी तिच्या वाटेत उभा राहिला.

"पोरी, बर्फ तो बर्फ. इतकी वर्षं मासळीला चालतो."

"मामा, मासळी शिजते. सरबत कोण शिजवतं?"

"लग्नाचं घर हाय. माझं नाव नको लावू गो."

मी मधे पडणार होतो. तिचा चेहरा बघून मागे सरलो. एकीकडे आईची पाटी, दुसरीकडे मामाची अब्रू. तिने तो तुकडाही पुण्याला धाडला.

उत्तर आलं. रुग्णांचे आणि बर्फातले जंतू अक्षराला अक्षर तेच. मासळीवरचे निराळे, निरुपद्रवी. सगुणाने अहवालात गुणाजीचं घर लिहिलं. बाजार उघडला. गुणाजीने मात्र भाचीशी बोलणं सोडलं.

पुढच्या वर्षी त्याच्या धाकट्याची हळद. मांडवात सरबताचं पिंप झाकलेलं, माणसं तहानलेली. गुणाजी झाकणावर हात दाबून दारात ओरडतोय, "सगुणा आली का रे? तिने पहिला पेला प्याल्याशिवाय कुणी हात लावायचा नाय!"