पाटणच्या पोथीतली खूण

आयुष्यभर संस्कृत शिकवलं. असल्या गोष्टींवर कधी विश्वास ठेवला नाही, आजही ठेवत नाही. तरी लिहितोय, कारण ऐंशी उलटली आणि ही गोष्ट माझ्याबरोबर जाऊ नये.

मी कराडचा. मिरजेचे आप्पा माझे मित्र, सामवेद म्हणणारे. त्यांच्या घरी ग्रंथ लिपीतली पोथी होती – दक्षिणेत संस्कृत ज्या जुन्या लिपीत लिहायचे ती. कसं गायचं ते अक्षरांच्या डोक्यावर बारीक खुणांनी दाखवलेलं. या खुणा कॉम्प्युटरमध्ये याव्यात म्हणून आमच्या समितीचं काम चाललं होतं. पोथ्या तपासणं माझ्याकडे. आमचा नियम – खूण निदान दोन पोथ्यांत दिसली पाहिजे. विळ्यासारखी एक खूण, इथे श्वास रोखा असं सांगणारी, फक्त आप्पांकडे होती. दुसरी पोथी मला पाटणला मिळाली. तीतही ती होती.

त्याच आठवड्यात बैठकीत आप्पा म्हणाले, "अहो प्रोफेसर, तुम्ही नुसतं वाचता. म्हणायला गळा लागतो." सगळे हसले, मीही हसलो... आणि घरी येऊन अहवालात लिहिलं – एकाच पोथीत आढळते, लेखनिकाची लकब असावी.

खूण वगळली गेली. आप्पांचा फोन आला. "म्हणजे आमच्या घराण्यानं चुकीचंच म्हटलं?"

"पुरावा नाही, आप्पा."

ते जाईपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. पाटणची पोथी जीर्ण झाली म्हणून घरच्यांनी कोयनेत विसर्जित केली. फोटो मी काढलेच नव्हते.

गेल्या वर्षी दोन्ही पोथ्यांत असलेलं एक साम टाइप करून स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढली. कागदावर तीन ठिकाणी ती विळ्यासारखी खूण. स्क्रीनवर काहीच नाही.

"टोनर सांडला आसंल, काका," दुकानदार म्हणाला. दुसऱ्या मशीनवर काढली – तेच. त्या खुणेला कोड नाही, फॉन्टमध्ये आकृती नाही. येणार कुठून?

कागद घेऊन मिरजेला आप्पांच्या मुलीकडे, सुनंदाकडे गेलो. तिनं वडिलांची पोथी काढून ताडून पाहिलं. "दोन जुळतात. तिसरीच्या जागी आमचं पान वाळवीनं खाल्लंय. ही तुम्हाला कुठून मिळाली?"

तिसरी पाटणच्या पोथीत होती. ते पाहिलेला मी एकटाच उरलोय. अहवालात काय लिहिलं होतं ते तिला सांगावं लागलं.

तिनं पोथी कापडात बांधली. "बाबा शेवटी तिथवर म्हणायचे आणि थांबायचे. पुढं म्हणायचेच नाहीत." पुन्हा वर पाहिलं नाही.

अहवाल चुकीचा होता असं मी समितीला कळवलं. उत्तर आलं – दुसऱ्या पोथीचा पुरावा जोडा. माझ्याकडे फक्त तो कागद आहे. तो कसा छापला गेला असं विचारलं, तर काय लिहायचं ते मला अजून कळलेलं नाही.