डोळ्यांचं पारणं

दोन्ही डोळ्यांवर ऑपरेशनची पट्टी असल्यानं बाबा आज मॅच नुसती ऐकत होते. समालोचक म्हणाला, "डोळ्यांचं पारणं फेडणारी खेळी!"

लहानपणी मी इंग्रजी शाळेत होते. मराठी सुटू नये म्हणून बाबा रविवारी माझ्याकडून क्रीडापान मोठ्यानं वाचून घेत. याच शब्दांशी मी एकदा अडखळले होते.

"पारणं म्हणजे उपास सोडणं," बाबा म्हणाले होते.

"पण डोळ्यांनी उपास कधी धरला?"

"अगं, इतकं निर्दोष खेळणं रोज कुठे बघायला मिळतं? तोच उपास."

आता मी परगावी असते, क्वचित घरी येते. संध्याकाळी पट्टी निघाली. बाबा माझ्याकडे बघतच राहिले.

"स्कोअर सांगू?" मी विचारलं.

"राहू दे. उपास सुटला."